‘काही सापडलं नाही’ म्हणजे नक्की काय? पेट्रोलच्या टाक्या आणि जमिनीखालचं पाणी

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याची भाषा बऱ्यापैकी तशीच ठेवली आहे. आकडे ऐकताना निसटतात, अशी काही श्रोत्यांची तक्रार होती, त्यामुळे ते इथे सावकाश वाचता येतील.)

आजचा विषय जरा वेगळा आहे. पेट्रोल पंपाखाली, जमिनीत पुरलेल्या टाक्या असतात. त्यातून इंधन झिरपलं तर आजूबाजूच्या विहिरी-बोअरच्या पाण्याचं काय होतं, आणि मुख्य म्हणजे ते कळतं कसं, हा आजचा प्रश्न.

आता तुम्ही म्हणाल, तू सॉफ्टवेअरवाली, तुझा पाण्याशी काय संबंध? संबंध आहे. माझं रोजचं काम मॉनिटरिंगचं आहे. सर्व्हर नीट चालतोय का, कुठे काही बिघडतंय का, बिघडलं तर रात्री दोन वाजता कोणाचा फोन वाजला पाहिजे, हे ठरवायचं. या कामात पहिल्या वर्षी एक गोष्ट डोक्यात पक्की बसते. डॅशबोर्ड हिरवा आहे याचा अर्थ ‘सगळं ठीक आहे’ असा नसतो. ‘आपण जे मोजतोय, त्यात काही बिघाड दिसला नाही’ एवढाच असतो. या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, त्यावरच आजचा सगळा भाग आहे.

विषय सुचला तो एका श्रोत्याच्या मेसेजवरून. तालुक्याच्या गावी त्यांची सोसायटी आहे, बोअर आहे, आणि रस्त्याच्या पलीकडे पेट्रोल पंप. त्यांनी विचारलं होतं, “आम्ही दर महिन्याला टीडीएस मीटरने पाणी तपासतो. २८० च्या आसपास येतं. म्हणजे पंपाचा काही त्रास नाही ना?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. पण त्याचं उत्तर टीडीएस मीटर देऊ शकत नाही. ते मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं, आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. पेट्रोलमधलं बेंझिन हे क्षार नव्हे. ते विरघळलं तरी वीजवहनात काही फरक पडत नाही. पाण्यात बेंझिन असो वा नसो, मीटर २८० च दाखवणार. म्हणजे आमच्या भाषेत, डॅशबोर्ड हिरवा आहे, पण सेन्सर भलत्याच गोष्टीला लावलाय.

एक लिटर पेट्रोल

आधी धोका किती ते बघू. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त १ टक्का असू शकतं, तशी मर्यादा आहे. म्हणजे एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण १० मिलिलिटर, वजनात पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे, त्यामुळे पिण्याच्या पाण्यातली मर्यादा फार कडक असते. अमेरिकेत लिटरला ५ मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत १०.

आता भागाकार करा. पावणेनऊ ग्रॅम बेंझिन, ५ मायक्रोग्रॅमच्या हिशोबाने, साडेसतरा लाख लिटर पाण्याला पुरतं. दहा हजार लिटरचे पाण्याचे टँकर धरले तर पावणेदोनशे टँकर. एका लिटर पेट्रोलमुळे!

हा कागदावरचा हिशोब आहे हेही सांगते. प्रत्यक्षात सगळं बेंझिन पाण्यात उतरत नाही. काही उडून जातं, काही मातीला चिकटतं, आणि बरंचसं जमिनीतले जिवाणू खाऊन टाकतात. त्यामुळे बेंझिनचा पट्टा बहुतेक ठिकाणी गळतीपासून काहीशे फुटांच्या आत थांबतो. पंपाशेजारचं प्रत्येक पाणी खराब आहे, असा अर्थ कृपया काढू नका. पण गळती किती लहान असली तरी पुरते, हे या हिशोबातून कळतं.

आणि वास? शुद्ध बेंझिनचा पाण्यात वास यायला लागतो तो मर्यादेच्या काहीशे पट झाल्यावर. पेट्रोलमध्ये इतर शेकडो घटक असतात, त्यामुळे पेट्रोलचा वास थोडा आधी येतो. तरी नियम लक्षात ठेवा. वास आला तर पाणी नक्की वाईट. वास नाही आला, तर त्यावरून काहीच ठरत नाही.

पहिली पायरी : हिशोब

पंपावर गळती पकडण्याची सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे स्टॉकचा हिशोब. सकाळी टाकीत डिप रॉड घालून पातळी घ्यायची, आता बऱ्याच ठिकाणी त्यासाठी टाकीत सेन्सर असतो. काल किती होतं, टँकर किती खाली झाला, मशीनमधून विक्री किती झाली, आज किती उरलं. ताळा जुळला नाही तर काहीतरी गडबड.

ऐकायला सोपं वाटतं, पण पेट्रोल तापमानाने फुगतं आणि आकसतं. एका अंशाला साधारण हजारात एक भाग. बारा हजार लिटरचा टँकर उन्हातून आला, टाकीत गेल्यावर पेट्रोल पाच अंशांनी थंड झालं, तर ६० लिटर ‘गायब’ झाले. गळती शून्य. शिवाय बाष्पीभवन, मशीनच्या मापातला बारीक फरक, डिप घेणाऱ्याचा हात. या सगळ्या गोंगाटात खरी गळती ऐकायची असते.

अमेरिकेत हा प्रश्न मोठा झाला तो १९८० च्या दशकात. दुसऱ्या महायुद्धानंतर पुरलेल्या साध्या लोखंडी टाक्या तोवर गंजून गेल्या होत्या. १९८३ मध्ये सीबीएसच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ कार्यक्रमाने त्यावर एक भाग केला, १९८४ मध्ये कायदा झाला, १९८८ मध्ये पर्यावरण संस्थेचे म्हणजे ईपीएचे सविस्तर नियम आले, आणि जुन्या टाक्या सुधारायला किंवा बंद करायला डिसेंबर १९९८ पर्यंतची मुदत मिळाली. तेव्हापासून आजवर तिथे साडेपाच लाखांहून जास्त गळत्यांची अधिकृत नोंद झाली आहे.

त्या नियमांतला एक आकडा मला फार बोलका वाटतो. स्टॉकच्या हिशोबात तूट किती आली की संशय घ्यायचा? महिन्याच्या उलाढालीच्या १ टक्का, अधिक १३० गॅलन. १३० गॅलन म्हणजे ४९२ लिटर. समजा एका पंपाची विक्री महिन्याला दोन लाख लिटर आहे. १ टक्का म्हणजे २,००० लिटर, अधिक ४९२. म्हणजे महिन्याला जवळपास अडीच हजार लिटर जमिनीत गेले तरी वही म्हणते, ‘ठीक आहे’. आणि मर्यादा ओलांडली तरी दुसऱ्या महिन्याचा हिशोब बघून खात्री करायला वाव असतो.

हे नियम करणारे निष्काळजी होते असं नाही. हिशोबातला गोंगाटच तेवढा असतो. त्याखाली उतरलात तर रोज खोटी घंटा वाजेल. म्हणूनच तिथे हा हिशोब एकटा चालत नाही, त्याच्या जोडीला टाकीची घट्टपणाची चाचणीही लागते, आणि तीही ठरावीक वर्षंच चालते.

सेन्सरवाल्या पद्धतींची कसोटी अर्थातच कडक आहे. तासाला ०.२ गॅलन, म्हणजे पाऊण लिटर गळती पकडता आली पाहिजे. पकडण्याची शक्यता किमान ९५ टक्के, आणि खोटी घंटा जास्तीत जास्त ५ टक्के. आता माझ्यातली इंजिनिअर जागी होते. तासाला पाऊण लिटर म्हणजे महिन्याला ५४५ लिटर. आणि ५ टक्के खोटी घंटा म्हणजे, तीन टाक्या, दरमहा एक चाचणी, वर्षाला ३६ चाचण्या, त्यात जवळजवळ दोन खोट्या घंटा. दरवर्षी. पंपावरच्या माणसाला तीन वर्षांत पाच-सहा वेळा अनुभव येतो की घंटा वाजली आणि काही निघालं नाही. सातव्या वेळी तो काय करेल? घंटा दाबून पुढच्या गाडीत पेट्रोल भरायला जाईल. आमच्याकडे रात्रीच्या ड्युटीवर हेच होतं. माणूस आळशी नसतो, घंटेनेच त्याला तसं शिकवलेलं असतं.

दुसरी पायरी : निरीक्षण विहीर

टाकीचा हिशोब चुकू शकतो, म्हणून पाण्याकडेच बघायचं. टाक्यांच्या आजूबाजूला बारीक बोअर घेतात, साधारण दोन ते चार इंचांच्या. त्यात बारीक चिरा असलेला पाइप बसवतात. ही निरीक्षण विहीर. तिच्यातून पाण्याची पातळी मोजायची आणि नमुना काढायचा.

किमान तीन विहिरी लागतात, आणि त्याही एका रेषेत नकोत. कारण सोपं आहे. पाणी कुठल्या दिशेला सरकतंय ते कळायला पातळीचा उतार कळला पाहिजे, आणि उताराची दिशा काढायला तीन बिंदू लागतात. उतार कळल्याशिवाय विहीर घेतलीत, तर ती टाकीच्या वरच्या अंगाला पडू शकते. मग ती वर्षानुवर्षं स्वच्छ पाणी दाखवत राहील, कारण दूषित पाणी तिच्याकडे येतच नाही.

दुसरी गोष्ट, पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. ते भूजलाच्या वर तरंगतं. त्यामुळे पाइपच्या चिरा पाण्याच्या पातळीच्या थोड्या वर आणि थोड्या खाली, अशा दोन्हीकडे हव्यात. आपल्याकडे पावसाळ्यानंतर पातळी कितीतरी मीटर वर येते. चिरा उन्हाळ्याची पातळी बघून ठेवल्या, तर ऑक्टोबरमध्ये त्या पाण्याखाली बुडालेल्या असतात. तरंगणारं पेट्रोल पाइपच्या बाहेर, कोऱ्या भिंतीला टेकून उभं, आणि आत नमुना स्वच्छ.

आणि तिसरी गोष्ट. अमेरिकन नियमांत गळती पकडायला भूजल निरीक्षण चालतं, पण अटी आहेत. पाणी २० फुटांपेक्षा खोल नको, जमीन बऱ्यापैकी पाझरणारी हवी, आणि विहिरीत तरंगणारा इंधनाचा थर एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटर झाला तर तो पकडता आला पाहिजे. तीन मिलिमीटर थर म्हणजे उघड्या डोळ्यांना दिसेल एवढं पेट्रोल. आणि पिण्याच्या पाण्याची मर्यादा? लिटरला ५ मायक्रोग्रॅम. या दोन आकड्यांच्या मधे कितीतरी पाणी पिऊन होतं. टाकी गळतेय का, हा पहिला प्रश्न. पाणी पिण्याजोगं आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर देणारी विहीर दुसऱ्याचं उत्तर देतेच असं नाही.

काय तपासायचं : सँटा मोनिका

कॅलिफोर्नियातलं सँटा मोनिका हे समुद्राकाठचं शहर. १९९० च्या दशकात तिथे पिण्याचं निम्मं पाणी शहराच्या स्वतःच्या विहिरींतून यायचं. त्या काळात पेट्रोल नीट जळावं म्हणून त्यात एमटीबीई नावाचं रसायन घालत. शिसं काढल्यावर ऑक्टेन टिकवायलाही त्याचा उपयोग होई. हवेसाठी चांगलं होतं. पण ते पाण्यात भरपूर विरघळतं, मातीला चिकटत नाही, आणि जिवाणू त्याला सहजी खात नाहीत. म्हणजे बेंझिन जिथे थांबतं, तिथून एमटीबीई पुढे निघून जातं.

१९९५-९६ मध्ये शहराने आपल्या विहिरींत ते शोधायला घेतलं आणि ते सापडलं. एका विहीरक्षेत्रात लिटरला ६१० मायक्रोग्रॅमपर्यंत. विहिरी बंद कराव्या लागल्या, शहराचं निम्मं पाणी गेलं, आणि बाहेरून विकत पाणी आणावं लागलं. तेल कंपन्यांशी कोर्टकज्जे झाले. शुद्धीकरण प्रकल्प उभा राहून त्या विहिरींचं पाणी पुन्हा नळाला यायला जवळजवळ पंधरा वर्षं लागली.

यातून घ्यायची गोष्ट एवढीच : एमटीबीई पाण्यात कधी आलं आणि ते कधी दिसलं, या दोन वेगळ्या तारखा आहेत. यादीत नाव नसलेलं रसायन कुठल्याही अहवालात सापडत नाही. आज आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल स्वतः पटकन संपतं, जिवाणूंना ते फार आवडतं. पण ते खाताना जमिनीतला ऑक्सिजन तेच संपवतात, आणि बेंझिनचा नंबर उशिरा लागतो. म्हणजे बेंझिन पूर्वीपेक्षा जास्त लांब जाऊ शकतं. इंधन बदललं की तपासणीची यादी आणि अंतरं दोन्ही पुन्हा बघावी लागतात.

कोण थांबवणार : रेड हिल

आता हवाई बेटांवर जाऊ. होनोलुलूजवळ रेड हिल नावाची टेकडी आहे. १९४० ते १९४३ या काळात अमेरिकी नौदलाने तिच्या पोटात २० टाक्या खोदल्या. प्रत्येक टाकी २५० फूट उंच, १०० फूट व्यासाची, सव्वा कोटी गॅलनची. म्हणजे पावणेपाच कोटी लिटर, एकेक! आणि त्यांच्या बुडापासून फक्त १०० फूट खाली ओआहू बेटाचं मुख्य पिण्याचं पाणी.

पेट्रोल पंपाच्या हे हजारो पट मोठं, पण प्रश्न तोच. २०१४ मध्ये तिथली एक टाकी गळली, सुमारे २७,००० गॅलन इंधन गेलं. त्यानंतर नौदल, ईपीए आणि हवाईचं आरोग्य खातं यांच्यात २०१५ मध्ये करार झाला. निरीक्षण विहिरी होत्या, नमुने नियमित प्रयोगशाळेत जात होते. पाणी नक्की कुठल्या दिशेला वाहतं, यावर नौदल आणि बाकीच्यांमध्ये वर्षानुवर्षं वाद चालू होता.

मग मे २०२१ मध्ये इंधन एका टाकीतून दुसरीकडे नेताना पाइप फुटला. सुरुवातीचा अंदाज होता १,६०० गॅलन सांडले, आणि जवळपास सगळे गोळाही झाले. प्रत्यक्षात सुमारे २०,००० गॅलन बाहेर पडलं होतं. त्यातलं बरंचसं आग विझवण्याच्या यंत्रणेच्या एका प्लॅस्टिक पाइपात जाऊन बसलं. सहा महिने ते तिथेच. २० नोव्हेंबर २०२१ ला बोगद्यातल्या छोट्या रेल्वेगाडीची धडक त्या पाइपाच्या व्हॉल्व्हला बसली आणि इंधन बोगद्यात पसरलं. तिथून जवळच नौदलाची पाणी उपसणारी विहीर होती, रेड हिल शाफ्ट. त्या पाणीपुरवठ्यावर सुमारे ९३,००० माणसं होती.

आता तारखा नीट ऐका. गळती २० नोव्हेंबरला. उपसा पंप बंद झाला २८ नोव्हेंबरला. मधले आठ दिवस विहीर चालू होती. आणि पंप बंद झाला तो कुठल्या सेन्सरमुळे नाही. घराघरांतून तक्रारी आल्या की नळाच्या पाण्याला इंधनाचा वास येतोय. कुटुंबांना पोटदुखी, उलट्या, अंगावर पुरळ. तळाच्या प्रमुखांनी सुरुवातीला पाणी सुरक्षित असल्याचा दिलासा दिला आणि नंतर त्याबद्दल माफी मागितली. डिसेंबरमध्ये त्या विहिरीच्या पाण्यात डिझेल गटातले घटक लिटरला १,४०,००० मायक्रोग्रॅम निघाले. हवाईची मर्यादा होती ४००. म्हणजे साडेतीनशे पट.

होनोलुलूच्या पाणीपुरवठा मंडळाने मात्र वेगळं केलं. त्यांची हालावा विहीर त्याच भूजलावर आहे. तिच्या पाण्यात इंधन सापडायची वाट न बघता त्यांनी २ डिसेंबरला ती बंद केली. शहराला पाण्याची ओढ सोसावी लागली. पण दूषित पाणी उपशाने आपल्याकडे खेचलं जाईल, हा धोका त्यांनी घेतला नाही.

मार्च २०२२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी रेड हिल कायमचं बंद करण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ पासून टाक्या रिकाम्या करायला सुरुवात झाली.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं : तिथे विहिरी होत्या, प्रयोगशाळा होत्या, करार होता, तज्ज्ञ होते. नव्हतं ते एक वाक्य. ‘पाण्याच्या विहिरीजवळ इंधन सांडलं, तर कारण शोधत बसायच्या आधी पंप बंद, आणि तो बंद करण्याचा अधिकार अमुक माणसाला.’ हे आधी ठरलेलं आणि पाळलं जाणारं नसेल, तर मॉनिटरिंग म्हणजे नुसती डायरी. नंतर चौकशी समितीला वाचायला उपयोगी.

आपल्याकडे

हवाईचा आणि आपला एक नैसर्गिक धागा आहे. दोन्हीकडचा खडक बेसॉल्ट. महाराष्ट्राचा बहुतांश भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर बसलाय. वर माती, मग मुरूम, खाली काळा पाषाण, मधेच लाल मातीचा पट्टा. वाळूत पाणी बऱ्यापैकी सरळ वाहतं. काळ्या पाषाणात ते भेगांतून वाट काढतं. मघाशी सांगितलेलं तीन विहिरींचं गणित इथे अपुरं पडतं. पंपाला लागून असलेली विहीर स्वच्छ आणि दोनशे मीटरवरची बोअर बाधित, असं होऊ शकतं. शिवाय तुमची बोअर जोरात चालली की ती स्वतःच पाण्याची दिशा आपल्याकडे वळवते.

आपल्याकडे इंधनाच्या टाक्यांना परवाना देणारी संस्था म्हणजे पेसो. तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात शाळा, रुग्णालयं, वस्ती यांपासून ५० मीटर अंतराची अट आहे. चांगलं आहे. पण आधीपासून वस्तीत असलेले पंप आहेत, आणि भेगांना मीटर कळत नाहीत.

मग आमच्या त्या श्रोत्यांनी आणि तुम्ही करायचं काय?

एक. नेहमीच्या पाणी तपासणीत कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड, जिवाणू येतात. बेंझिन त्यात नसतं, वेगळं मागावं लागतं. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत ‘बीटेक्स’ म्हणा, म्हणजे बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन आणि झायलीन. सोबत एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन.

दोन. नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत नको. प्रयोगशाळा काचेच्या छोट्या कुप्या देते, त्या काठोकाठ भरायच्या, एकही बुडबुडा नको, आणि बर्फात ठेवून पोचवायच्या. ही रसायनं उडून जातात. त्याच कारणाने गच्चीवरच्या टाकीतलं पाणी देऊ नका. बोअरच्या तोंडाशी, पंप थोडा वेळ चालवून मग घ्या.

तीन. अहवालात ‘बीडीएल’ असं येईल. म्हणजे यंत्राला दिसेल त्याहून कमी. लगेच पेढे वाटू नका. आधी विचारा, तुमच्या यंत्राला किती दिसतं? यंत्राला ५० च्या खालचं दिसतच नसेल, तर बीडीएल म्हणजे शून्यही असेल आणि ४९ ही. ५ किंवा त्याहून कमी दिसणारं यंत्र हवं.

चार. एकदा तपासून सोडू नका. मे अखेर आणि ऑक्टोबर, दोन वेळा. पाणी खाली असताना एक आणि वर आल्यावर एक.

पाच. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि फुकट आहे. नमुना द्यायच्या आधी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव लिहा. बेंझिन १० च्या वर आलं तर बोअरचं पाणी पिण्या-स्वयंपाकाला बंद. व्हॉल्व्ह कोण बंद करणार, त्याचं नाव. पर्यायी पाणी कुठून. कळवायचं कोणाला, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळ, तहसीलदार, पंपचालक. आकडा हातात आल्यावर चर्चा सुरू केलीत तर एक जण म्हणेल ‘परत एकदा तपासू’, दुसरा म्हणेल ‘फ्लॅटचे भाव पडतील’, आणि आठ दिवस जातील. आठ दिवसांचं काय होतं ते आपण आत्ताच बघितलं.

आणि वास आला, तर अहवालाची वाटच बघू नका. पिणं-स्वयंपाक तत्काळ बंद. घरच्या आरओवर विसंबू नका. पाणी उकळूनही हा प्रश्न सुटत नाही, वाफेबरोबर ते घरात येतं. उघडी विहीर असेल तर आत कोणी उतरायचं नाही, जवळ काडी ओढायची नाही. अग्निशमन दलाला बोलवायचं.

पंपचालकाशी भांडायला जा असं मी म्हणत नाहीये. गळतीत त्याचंही पेट्रोल जातं, पैसे जातात. शांतपणे विचारा. टाक्या कधी बसवल्या, घट्टपणाची चाचणी कधी झाली, आवारात निरीक्षण विहीर आहे का. ज्याच्याकडे उत्तरं आहेत, तो आनंदाने दाखवतो.

तर मंडळी, पुढच्या वेळी कोणी म्हणालं की पाणी तपासलं, काही सापडलं नाही, तर तीन प्रश्न विचारा. कुठे बघितलं? काय शोधलं? आणि सापडलं असतं तर कोण काय करणार होतं? तिसऱ्याचं उत्तर नसेल, तर पहिली दोन फारशी कामाची नाहीत.

तुमच्याकडे कोणी बीटेक्स तपासणी करून घेतली असेल तर खर्च किती आला, अहवाल किती दिवसांत मिळाला आणि यंत्राची मर्यादा किती लिहिली होती, हे आम्हाला जरूर कळवा. जिल्ह्यानुसार माहिती जमली तर पुढच्या एखाद्या भागात सगळ्यांसाठी सांगता येईल. तोवर, काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.